चार ओव्यांचं अंतर

आमच्या घरात आजोबांच्या पिढीपर्यंत सालं आकड्यांनी सांगायची रीत नव्हती. खापरपणजी गेली ती मानमोडीत, म्हणजे १९१८च्या साथीत. थोरले आजोबा जन्मले ते शेपटीवाल्या ताऱ्याच्या साली. तो हॅलेचा धूमकेतू धरला तर १९१०चा उन्हाळा. पण त्याच वर्षी जानेवारीत आणखी एक झगझगीत धूमकेतू येऊन गेला होता आणि पुढे जगभरच्या म्हाताऱ्यांनी दोघांची सरमिसळ करून टाकली. त्यामुळे थोरले आजोबा थंडीतले की उन्हाळ्यातले, हा वाद त्यांच्या तेराव्यालासुद्धा चालू होता. आजीचं एक खास साल होतं, 'गोळ्याचं'. गोळ्याच्या साली थोरली आत्या पाळण्यात होती. गोळ्याच्या साली कपाशी बरी आली. गोळ्याच्या आदल्या साली चुलत सासऱ्यांनी वाटणी मागितली. ते साल स्वातंत्र्याच्या आधीचं, यापलीकडे कुणाला काही ठरवता आलं नाही.

गाव मेहकर तालुक्यातलं. गोळा आला तेव्हा आजी जात्यावर होती, समोर तिची सासू. पहाटेची वेळ, कोंबडा आरवायचा होता. दळणासाठी रॉकेल जाळायची चैन कुणी करत नसे, तेव्हा ओसरीत मिट्ट काळोख. एकाएकी अंगण लख्ख झालं, निळसर. गोठ्याच्या मेढीची सावली आधी विहिरीकडच्या भिंतीवर पडली, मग सरसरत फिरली आणि तुळशीवृंदावनापाशी येऊन विझली. गोळा स्वतः आजीला क्षणभरच दिसला, पागोळीच्या खालून. पण सावली तिनं पुरती पाहिली होती. "माही सावली मले सोडून पयते का काय, असं वाटलं," ती म्हणायची.

आजी उठू लागली, तर सासू म्हणाली, "हात थांबवू नको, दळ." दळण अर्धवट सोडू नये असा घरातला नेम. मग दोघी अंधारात दळत राहिल्या आणि धीर यावा म्हणून सासूनं ओवी धरली. चौथी ओवी संपता संपता आभाळ गडगडलं. माळवदातून माती झरली ती थेट पिठात. आजीच्या गोष्टीत सगळ्यात जास्त वेळ या मातीला मिळायचा. ते पीठ टाकून द्यायचं की चाळून घ्यायचं यावरून सासवा-सुनांत जे काही झालं, ते ती तीस-चाळीस वर्षांनीसुद्धा साभिनय सांगत असे.

कॉलेजात गेल्यावर मला खगोलाचं वेड लागलं. अग्निगोलक म्हणजे शुक्रापेक्षाही तेजस्वी उल्का. ती शंभर किलोमीटरच्या आसपास उंचीवर पेटते आणि दगड तग धरून राहिला तर वीस-तीस किलोमीटरवर विझते. तिथून पुढे तो उजेडाविना, नुसत्या वजनानं खाली येतो. उजेड तात्काळ पोचतो, आवाजाला मात्र एकेका किलोमीटरला तीन सेकंदं लागतात. हे वाचल्यावर मला आजीच्या ओव्या आठवल्या. सुट्टीत मी तिला जात्यापाशी बसवलं, मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, त्याच ओव्या, त्याच लयीत म्हण. तिला आधी हसू आलं. मग डोळे मिटून तिनं जातं ओढायला सुरुवात केली. ओढ लागली की ओवी आपोआप लागते, लय वाढवता येत नाही आणि कमीही करता येत नाही. चार ओव्या झाल्या तेव्हा काटा दोन मिनिटांच्या थोडा पुढे गेला होता. म्हणजे आवाज निघाला ती जागा तिरकस धरून चाळीसेक किलोमीटरवर, आणि उंची वजा केली तर जमिनीवरून तीसेक.

दिशाही निघाली. पडत्या ताऱ्याकडे बोट दाखवू नये, म्हणून तिनं कोवळ्या काकडीकडे दाखवतात तसं वाकडं बोट करून मेढ दाखवली, भिंत दाखवली, वृंदावन दाखवलं. तोपर्यंत गोठा पडला होता, पण मेढीचा खड्डा शिल्लक होता. भिंत पश्चिमेला, वृंदावन उत्तरेला. सावली जिकडे, त्याच्या उलट उजेड. म्हणजे गोळा पूर्वेकडून निघून दक्षिणेला गेला. एका निरक्षर बाईच्या सांगण्यातून, घडल्यावर इतक्या वर्षांनी, दिशा आणि अंतर दोन्ही हाती आलं होतं.

एक गोष्ट मात्र बसेना. आजी सांगे की उजेड पडला त्याच क्षणी 'सूंऽ' असा आवाज आला, ओल्या लाकडातून वाफ निघावी तसा. गडगडाट दोन मिनिटांनी आणि हा आवाज उजेडाबरोबर, हे कसं? हा प्रश्न जुना आहे. १७१९ साली इंग्लंडवरून मोठा अग्निगोलक गेला तेव्हा कित्येकांनी हेच सांगितलं होतं, आणि खुद्द एडमंड हॅलेनं तो मनाचा खेळ ठरवला. साठ मैलांवरचा आवाज लगेच कसा ऐकू येईल? त्याचं गणित बरोबर होतं, तरी माणसं सांगतच राहिली. १९८०मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन की यांनी सुचवलं की गोलकातून निघणाऱ्या अतिमंद रेडिओ लहरी प्रकाशाच्याच वेगानं येतात आणि जवळच्या वस्तूंना कंप देतात. २०१७मध्ये दुसरा एक मार्ग पुढे आला. गोलकाचा उजेड फार वेगानं लुकलुकतो. त्यानं केस, पानं, गडद कापड अशा हलक्या वस्तू क्षणोक्षणी तापतात-निवतात, त्यांच्या लगतची हवा थरथरते आणि तिचाच आवाज होतो. ओसरीच्या कडेला तेव्हा कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या असत. एवढं लिहून मी थांबतो, पण हॅलेपेक्षा आजीवर विश्वास ठेवायला मला आता संकोच वाटत नाही.

आणि सासूचं ते "हात थांबवू नको"? तिच्या मनात नेम होता आणि भीती होती, पण सल्ला अचूक होता. १५ फेब्रुवारी २०१३ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर वीसेक मीटरचा दगड फुटला तेव्हा उजेड पाहून लोक कामं टाकून खिडक्यांशी धावले. काचेला नाक लावून ते आभाळातली धुराची रेघ बघत होते, तेवढ्यात आवाजाची लाट आली आणि काचा फुटल्या. सुमारे दीड हजार माणसं जखमी झाली, त्यातली बरीचशी काचांनी. उजेड आणि धक्का यांच्यामध्ये दोन-चार ओव्यांचा अवकाश असतो, हे त्यांना कोण सांगणार?

खेडुताची साक्ष खरी मानायची की नाही, यावर एकेकाळी एका शास्त्राचं भवितव्य अडलं होतं. आभाळातून दगड पडतात ही अठराव्या शतकात युरोपातल्या शहाण्यांना शेतकऱ्यांची भाकडकथा वाटे. १७६८ साली फ्रान्समध्ये ल्यूसे इथं शेतात काम करणाऱ्यांच्या देखत दगड पडला. तो तपासायला बसलेल्या मंडळात लाव्हाझिएसारखा रसायनशास्त्री होता. निकाल असा की हा जमिनीतलाच दगड, फार तर त्याच्यावर वीज पडली असेल. १७९४मध्ये क्लाड्नी नावाच्या शास्त्रज्ञानं जुन्या साक्षी एकत्र करून दगड वरूनच येतात असं पुस्तक लिहिलं, तर त्याची टवाळी झाली.

मग बनारसची पाळी आली. १९ डिसेंबर १७९८, रात्री आठचा सुमार. आभाळ निरभ्र. बनारसपासून काही कोसांवरच्या क्राखुट गावावर आगीचा गोळा दिसला, गडगडाट झाला आणि जड काहीतरी धपाधप पडल्याचे आवाज आले. सकाळी लोकांनी पाहिलं तर शेतात जागोजागी माती उकरलेली. उकरून बघितलं तर दगड, वरून काळे, आतून राखाडी. एक दगड राखणदाराच्या खोपटाचं छप्पर फोडून आत आला आणि चोपलेल्या जमिनीत रुतला. राखणदार शेजारीच उभा होता. जॉन लॉइड विल्यम्स या इंग्रजानं गावकऱ्यांच्या हकीकती गोळा केल्या, त्या दगडांसह लंडनला पोचल्या आणि १८०२मध्ये एडवर्ड हॉवर्डनं त्या दगडांची इंग्लंड, इटली, बोहेमियातल्या तशाच दगडांशी तुलना केली. सगळ्यांच्या लोखंडात निकेल निघालं. हजारो कोसांवरचे, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले दगड आतून सारखे होते. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेग्ल गावावर सुमारे तीन हजार दगडांचा पाऊस पडला. बिओ नावाचा तरुण शास्त्रज्ञ गावोगाव हिंडून लोकांना विचारत सुटला. ज्यांचा धंदा वेगळा, गाव वेगळं, ज्यांना खोटं बोलून मिळणार काही नाही, असे लोक एकच गोष्ट सांगत होते. वाद मिटला. क्राखुटच्या राखणदाराचं नाव कुठल्या पुस्तकात आलं असतं तर मला आवडलं असतं.

माझ्या लेखी याहून मोठी कथा धजालाची आहे. २८ जानेवारी १९७६ची रात्र, गुजरातमधला सुरेंद्रनगर जिल्हा. गोळा दिसला, दगड पडले, सुमारे ४५ किलो गोळा झाले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतली मंडळी गावोगाव गेली. त्या काळात आभाळाकडे डोळा लावून बसणारा कॅमेरा आपल्याकडे नव्हता. त्यांनी माणसांना त्यांच्या मूळ जागी उभं केलं आणि गोळा कुठून दिसू लागला, कुठे विझला, ते विचारलं. दोन गावांतल्या दोन बोटांच्या रेषा जिथे मिळतात तिथे गोळा होता. अशा अनेक रेषांवरून त्याची वाट काढली आणि त्या वाटेवरून धजालाचा दगड पृथ्वीवर येण्यापूर्वी सूर्याभोवती कोणत्या कक्षेत फिरत होता ते गणित मांडलं. कक्षा लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत जात होती. १९७८ साली हे शोधनिबंध म्हणून छापून आलं. मंगळ-गुरूच्या मधल्या प्रदेशाचा पत्ता सौराष्ट्रातल्या माणसांनी अंगणात उभं राहून हातानं दाखवला होता! हे वाचलं तेव्हा आजी हयात नव्हती. तिला सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, त्यांच्या पिठात माती पडली का.

आजोबांना असल्या मोजमापात रस नव्हता. आभाळातून काही पडलं की राजाला जड जातं, एवढंच त्यांचं शास्त्र. त्या शास्त्राला वंशही मोठा. वराहमिहिरानं बृहत्संहितेत उल्कांचे धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार केले आणि कोणती कुणाला बाधते तेही सांगून ठेवलं. जहांगीर बादशहाची तऱ्हा मला अधिक भावते. १६२१मध्ये जालंधरजवळ लोखंडाचा तुकडा आभाळातून पडला, तर त्यानं शांती करत बसण्याऐवजी त्यात थोडं साधं लोखंड मिसळून तलवारी आणि खंजीर घडवून घेतले.

आजोबांचा विजय १९७९ साली झाला. अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा स्कायलॅब, सत्त्याहत्तर टनांची, कुठे पडणार हे कुणालाच सांगता येईना. गावात दोन आठवडे दुसरा विषय नव्हता. राखून ठेवलेली कोंबडी कापली गेली, उधारी मागणाऱ्याला "स्कायलॅब जाऊ दे" असं उत्तर मिळू लागलं. पेरण्या झालेल्या, पाऊस ओढ देत होता, तो दोषही स्कायलॅबलाच. ११ जुलैच्या रात्री आपल्या घड्याळानुसार दहाच्या सुमारास ती ऑस्ट्रेलियावर तुटून पडली. तिथल्या एस्पेरन्स गावानं नासाला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलरचा दंड ठोठावला, तेवढीच काय ती हानी. गावानं सुटकेचा श्वास सोडला आणि बरोबर चार दिवसांनी पंतप्रधान मोरारजींनी राजीनामा दिला. आजोबा पारावर बसून नुसते मिशीत हसत होते. त्यांच्याशी वाद घालायची सोयच राहिली नाही.

लोणार आमच्या गावाहून बैलगाडीच्या एका दिवसाच्या वाटेवर. तिथली कथा आजोबा सांगायचे ती लोणासुराची: बिळात दडलेला दैत्य, त्याच्या बिळावरचं झाकण विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं उडवलं, दूरची एक टेकडी म्हणजे तेच झाकण. शास्त्रज्ञ बराच काळ त्या विवराला ज्वालामुखी म्हणत. १९७३मध्ये तिथल्या खडकात प्रचंड आघातानं बनलेली काच सापडली आणि आभाळातल्या धडकेवर शिक्कामोर्तब झालं. विवराचा व्यास एक किलोमीटर आठशे मीटर. वय एका पद्धतीनं सुमारे बावन्न हजार वर्षं, दुसरीनं पावणेसहा लाखांच्या आसपास. एवढा मोठा फरक पडतो, कारण विचारायला कुणी नाही. दगडाला विचारलं तर दगड आपल्याच भाषेत उत्तर देतो.

मामाकडे मात्र विचारण्याची सोय होती. मामाची संत्र्याची बाग काटोल तालुक्यात. २२ मे २०१२, दुपारी दोनचा सुमार, नवतपा तोंडावर आलेला. मामा निंबाखाली खाटेवर आडवा. एकामागोमाग धमाके झाले. त्याला पहिली शंका आली पुलगावच्या दारूगोळ्याच्या कोठाराची. शेजारच्याला वाटलं विमान पडलं. संध्याकाळपर्यंत कळलं की काटोल आणि आसपास दगड पडलेत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय नागपुरातच, त्यामुळे माणसं लगेच आली. भारतात पडलेल्या उल्कापाषाणांचा सांभाळ त्यांच्याकडे असतो. सुमारे तेरा किलो दगड जमा झाले. पुढे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना त्यात ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीच्या पोटात सहाशेसाठ किलोमीटरच्या खाली सगळ्यात जास्त असलेलं हे खनिज, पण तिथून ते वर आणायची वाट नाही. लघुग्रहांच्या टकरीत तसाच दाब पडला आणि ते या दगडात तयार झालं. २०२१मध्ये ती बातमी मी मामाला वाचून दाखवली. "म्हंजे जमिनीच्या बुडाशी जे हाय, ते वरून पडलं?" त्यानं विचारलं. इतक्या थोडक्यात मला ते सांगता आलं नसतं.

मग २ एप्रिल २०२२, पाडव्याची संध्याकाळ, पावणेआठ. बुलढाणा, अकोला, जळगाव, नागपूर, सगळीकडून मला फोन. जळत्या तुकड्यांची रांग आभाळातून पश्चिमेकडून पूर्वेकडे चालली होती. तासाभरात मोबाइलमध्ये व्हिडिओंचा ढीग जमला आणि त्यातल्या एकावरूनही काही काढता येईना. काळ्या पडद्यावर एक हलता उजेड आणि मागे "अबे पाय, पाय!" कुठे उभा, कुठे तोंड, किती उंच, काही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं, शेजारच्या गावात धातूचा गोळा मिळाला, आणि उलगडा झाला तो चीनच्या लाँग मार्च ३बी अग्निबाणाच्या उरलेल्या भागाचा. २०२१च्या फेब्रुवारीत तो उडाला होता. उल्का सेकंदाला निदान अकरा किलोमीटरनं शिरते आणि बहुधा पाच-दहा सेकंदांत आटोपते. कक्षेतून खाली येणारं यंत्र सातेक किलोमीटरनं, जवळजवळ आडवं येतं, म्हणून ते मिनिटभरसुद्धा आभाळात रेंगाळतं. म्हणजे 'किती वेळ दिसलं' या एका प्रश्नाच्या उत्तरावर देवाचं की माणसाचं हे ठरतं. मामाला यात दुसराच रस. आंतरराष्ट्रीय करारानुसार असं कडं उडवणाऱ्या देशाच्याच मालकीचं राहतं, हे मी सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे देवाचं पडलं तं सरकारचं, मानसाचं पडलं तं चीनचं. अन ज्याच्या वावरात पडलं त्याचं काय?"

आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेचा एक नमुना असतो, कुणीही भरावा असा. कुठे उभे होता, सुरुवात कोणत्या दिशेला, शेवट कोणत्या, क्षितिजापासून किती उंच, किती सेकंद, रंग, तुकडे, आवाज बरोबर की नंतर. उंचीसाठी हात ताठ धरून मुठीवर मूठ ठेवत जायचं, एक मूठ म्हणजे दहा अंश. मी हे प्रश्न मराठीत लिहून मामाला पाठवले. तरुणांनी सगळ्यांनी व्हिडिओ पाठवले. नीट उत्तर आलं ते शेजारच्या म्हातारीचं. गुढी उतरवून झाल्यावर ती अंगणात राखेनं तांब्या घासत बसली होती. तिनं सांगितलं, निंबाच्या शेंड्याजवळून निघाला, टावराच्या मांगं गेला, आवाज काही नाही, तांब्या घासून, धुऊन पालथा घातला तवाबी दिसतच होता. मामा दुसऱ्या दिवशी तिच्याच पाटावर बसला, मुठी मोजल्या आणि मला लिहून पाठवलं: निंब चार मुठी, टॉवर अडीच, वेळ मिनिटाच्या आसपास, तुकडे सात-आठ. पाच मिनिटांनी आणखी एक निरोप आला. म्हातारी मागे लागली आहे, सात-आठ नको, नऊ लिही. बाकीचे बघत होते, तिनं मोजले होते.